पाच नावांचे झाड : सह्याद्रीतील नरक्याचा इतिहास

१/
बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा किंवा अंबाबरवा अभयारण्यात वैशाखात गेले की साग, सालई, धावडा यांची उघडी खोडे उन्हात उभी दिसतात. हे शुष्क पानझडीचे वन. त्याच दिवसांत राज्याच्या पश्चिम कडेला, राधानगरी, आंबोली, कोयना, महाबळेश्वर या पट्ट्यात सह्याद्रीच्या माथ्यावर दाट सावली असते. त्या सदाहरित वनाच्या खालच्या थरात एक लहानसे झाड वाढते. लोक त्याला नरक्या म्हणतात. त्याची पहिली शास्त्रीय नोंद १८३९ मध्ये मुंबईत छापली गेली. आज मान्य असलेले नाव मात्र त्याला १९८० मध्ये मिळाले. मधल्या काळात या झाडाने पाच शास्त्रीय नावे पाहिली, कर्करोगावरील औषधाच्या संशोधनात स्थान मिळवले आणि कुऱ्हाडही सोसली. हा धागा त्या प्रवासाचा.

२/
प्रथम झाडाची ओळख. नरक्या हा मोठा वृक्ष नव्हे. तीन ते आठ मीटर उंची, राखट साल, फांद्यांच्या टोकाशी गर्दी करणारी एकाआड एक पाने, पानांचा तळ किंचित तिरका. फुले लहान, पिवळसर पांढरी, पाच पाकळ्यांची. पाकळ्यांच्या आतल्या अंगाला लव. फळ जांभळट काळे, आत एकच बी. फुले फुलली की त्यांचा दर्प दूरवर जातो आणि तो मुळीच सुखद नसतो. डौल नाही, इमारती लाकूड नाही, खाण्याजोगे फळ नाही. लाकूडतोड्याने, शेतकऱ्याने आणि वनखात्यानेही दीर्घकाळ दुर्लक्षावे, असेच हे झाड होते.

३/
‘नवी जाती सापडली’ या वाक्याचा शास्त्रीय अर्थ मर्यादित आहे. ते झाड त्याआधी कोणी पाहिलेच नव्हते, असे त्यातून सिद्ध होत नाही. वनस्पतीचा नमुना वाळवून जपणे, ज्ञात जातींशी तो ताडून पाहणे, वेगळेपणाचे वर्णन करणे, नाव देणे आणि ते छापून प्रसिद्ध करणे, एवढ्या पायऱ्या पार पडल्या की शास्त्राच्या लेखी जाती ‘जन्मते’. या नावांची गणना लिनियस यांच्या १७५३ मधील ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथापासून होते. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्ये देणे बंधनकारक होते. २०१२ पासून इंग्रजीतले वर्णनही चालते. १९५८ पासून ज्या नमुन्यावर नाव आधारले आहे तो नमुना निर्दिष्ट करावाच लागतो.

४/
मग लोकांनी दिलेली नावे पुरेशी का नाहीत? नरक्याचेच उदाहरण घ्यावे. या झाडाला घाणेरा असेही म्हणतात. पण घाणेरी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती माळरानावर माजलेली परदेशी टणटणी. औषधी बाजारात नरक्याला अमृता हेही नाव आहे; परंतु आयुर्वेदाच्या ग्रंथांत अमृता म्हणजे गुळवेल. एकाच झाडाला नरकाची आणि अमृताची अशी दोन्ही नावे असणे लोकभाषेच्या श्रीमंतीचे लक्षण आहे. पण औषधाच्या मागणीपत्रावर नुसते ‘अमृता’ लिहिले, तर कोणते खोड गोणीत भरले जाईल याची शाश्वती राहत नाही. शास्त्रीय नावाचे काम येथे सुरू होते.

५/
आता १८३९ ची मुंबई. जॉन ग्रॅहम हे स्कॉटिश गृहस्थ मुंबई इलाख्याच्या टपालखात्यात उपप्रमुख होते. पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. तथापि मुंबई आणि परिसरातील वनस्पतींची जी पहिली मोठी मुद्रित सूची तयार झाली, ती त्यांच्या हातून. त्या काळी कंपनी सरकारच्या सेवेतील डॉक्टर, लष्करी अधिकारी, महसुली कामगार यांच्यापैकी अनेक जण फावल्या वेळात झाडे गोळा करीत. विद्यापीठ नव्हते, शासकीय वनस्पतिसंग्रह नव्हता, तुलनेसाठी लागणारे ग्रंथ तुरळक होते. अशा साधनांच्या टंचाईत ग्रॅहम यांनी हजारो नोंदी जमवल्या. ग्रंथ पूर्ण छापून होण्याआधीच, १८३९ मध्ये, खंडाळ्यास त्यांचे निधन झाले.

६/
उरलेल्या पानांची छपाई मार्गी लावली ती जोसेफ निम्मो यांनी. हेही मुंबईतलेच वनस्पतिप्रेमी. ग्रॅहम यांना या कामात त्यांचे मोठे साहाय्य होते. त्याची जाणीव ठेवून ग्रॅहम यांनी सूचीतील काही वनस्पतींना निम्मो यांचे नाव दिले. पश्चिम घाटाखेरीज जगात अन्यत्र नैसर्गिकरीत्या न आढळणाऱ्या जंगली भेंडीचे शास्त्रीय नाव ‘एरिनोकार्पस निम्मोनाय’ आहे, ते याच सूचीतले. आणि याच सूचीत एका लहान झाडाची आखूड नोंद आहे: ‘प्रेम्ना निम्मोनियाना’. हाच आपला नरक्या. पहिले नाव.

७/
या नावाचा पूर्वार्ध चुकलेला होता. प्रेम्ना म्हणजे अग्निमंथ ज्या प्रजातीत मोडतो ती प्रजाती. तिची पाने समोरासमोर असतात, नरक्याची एकाआड एक. फुलांची घडणही निराळी. म्हणजे जाती वेगळी आहे हे ग्रॅहम यांनी ओळखले, पण तिचे घर चुकले. सूचीतील वर्णनही त्रोटक. परिणाम असा झाला, की पुढच्या अभ्यासकांनी नरक्याच्या खऱ्या नातलगांचा शोध घेतला तेव्हा प्रेम्नाच्या यादीत डोकावण्याचे त्यांना कारणच उरले नाही. ग्रंथालयात चुकीच्या कपाटात ठेवलेले पुस्तक हरवत नाही, पण सापडतही नाही. ग्रॅहम यांच्या नोंदीचे तसेच झाले.

८/
त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८४५ मध्ये, हेच झाड दुसऱ्या नावाने अवतरले. मद्रास इलाख्यातील शल्यचिकित्सक रॉबर्ट वाइट हे दक्षिण भारतातील वनस्पतींची चित्रमाला प्रसिद्ध करीत होते. १८५३ पर्यंत तिच्यात दोन हजारांहून अधिक चित्रे निघाली. वाइट यांच्यासाठी रंगय्या आणि गोविंदू हे भारतीय चित्रकार काम करीत. वनस्पतीच्या नावापुढे चित्रकाराचे नाव लागत नाही. पण अनेक जातींची ओळख पुढच्या पिढ्यांना पटली ती त्यांच्या रेषांमुळे. या चित्रमालेत नरक्या ‘स्टेमोन्युरस फीटिडस’ म्हणून आला. फीटिडस म्हणजे दुर्गंधी. सह्याद्रीतल्या माणसाला घाणेरा म्हणताना जे जाणवले होते, तेच वाइट यांनी लॅटिनमध्ये लिहिले. दुसरे नाव.

९/
प्रजातीचा वाद येथेही संपला नाही. जॉन मायर्स यांनी हे झाड मॅपिया या प्रजातीत हलवले आणि ‘मॅपिया फीटिडा’ हे तिसरे नाव रूढ झाले. भारतीय औषधशास्त्राच्या वाङ्मयात हे नाव पुढे शतकभर टिकले. दरम्यान डच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूमे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नोथापोडायटिस ही प्रजाती स्थापन केली होती. १९४० मध्ये स्लॉयमर यांनी नरक्याला या प्रजातीत आणले: ‘नोथापोडायटिस फीटिडा’. चौथे नाव. घर आता बरोबर सापडले होते. उरला होता तो वारसाहक्काचा प्रश्न.

१०/
वनस्पतींच्या नामकरणात अग्रक्रमाचा नियम आहे. एकाच जातीला एकाहून अधिक नावे पडली असतील, तर नियमांनुसार प्रसिद्ध झालेल्या सर्वांत जुन्या नावाचा उत्तरार्ध टिकतो. पूर्वार्ध मात्र योग्य प्रजातीप्रमाणे बदलतो. वाइट यांचे ‘फीटिडस’ १८४५ चे, ग्रॅहम यांचे ‘निम्मोनियाना’ १८३९ चे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड मॅबर्ली यांनी हा धागा जुळवला आणि १९८० मध्ये ‘नोथापोडायटिस निम्मोनियाना’ हे पाचवे, आज मान्य असलेले नाव प्रसिद्ध झाले. हे नाव ज्या ग्रंथात आले तो ‘हॉर्टस मलबारिकस’विषयीचा, के. एस. मणिलाल यांनी संपादित केलेला होता. आज नावापुढे कंसात ग्रॅहम आणि कंसाबाहेर मॅबर्ली असे लिहितात. प्रजाती चुकवणाऱ्या टपाल अधिकाऱ्याचा हक्क १४१ वर्षांनी मान्य झाला.

११/
वनस्पतिशास्त्रज्ञ नावाचा गुंता सोडवीत असताना याच झाडाशी संबंधित दुसरी कथा सातासमुद्रापार घडत होती. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. तेव्हा ते गाव पश्चिम खानदेशात होते. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले, इंडियाना विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. तेथे मन्रो वॉल यांच्याबरोबर वनस्पतींतून कर्करोगविरोधी द्रव्ये शोधण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

१२/
वॉल यांच्या हाती आधीच एक आशादायक झाड होते: ‘कॅम्प्टोथिका अक्युमिनाटा’. हे मूळचे चीनचे. तिकडच्या नावाचा अर्थ आनंदवृक्ष असा होतो. त्याच्या अर्काचा गाठींवर परिणाम होतो असे प्राथमिक चाचण्यांत आढळले होते. त्यातील कार्यकारी द्रव्य वेगळे करून त्याची रचना वॉल, वाणी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्याचे नाव कॅम्प्टोथेसिन. पाचच वर्षांनी, १९७१ मध्ये, या गटाने यू वृक्षाच्या सालीतून मिळालेल्या टॅक्सॉलची रचनाही मांडली. एका प्रयोगशाळेतून अशी दोन द्रव्ये निघावीत, हे औषधशोधाच्या इतिहासात विरळा. अमेरिकन केमिकल सोसायटीने २००३ मध्ये या कामाला राष्ट्रीय ऐतिहासिक रासायनिक स्मारकाचा मान दिला. वाणी यांचे २०२० मध्ये निधन झाले.

१३/
कॅम्प्टोथेसिन चिनी झाडात सापडले खरे, पण त्याचा दुसरा मोठा साठा सह्याद्रीत उभा होता. गोरेगाव, मुंबई येथील सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन हे भारतीय वनस्पतींतील अल्कलॉइडांचा अभ्यास करीत होते. १९७२ मध्ये त्यांनी ‘मॅपिया फीटिडा’मध्ये कॅम्प्टोथेसिन असल्याचे प्रसिद्ध केले. नाव जुने, झाड नरक्याच. चिनी आनंदवृक्षाशी याचे कुळाचे नाते नाही. दोघांची कुले वेगळी. तरीही तेच विष दोघांच्या पेशींत तयार होते. नंदुरबारच्या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत चिनी झाडातून जे शोधले, ते त्याच्या मूळ प्रांताच्या डोंगरांत शेकडो वर्षे दर्प पसरवीत उभे होते.

१४/
विष हा शब्द येथे अलंकारिक नाही. पेशी विभागण्याआधी तिच्यातील डीएनएच्या दोन धाग्यांचा पीळ सैल व्हावा लागतो. टोपोआयसोमरेझ-एक हे विकर त्यासाठी एका धाग्याला चीर देते, पीळ सुटला की चीर सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या चिरेपाशी अडकते आणि सांधा होऊ देत नाही. विभागू पाहणारी पेशी मरते. ही क्रिया १९८५ मध्ये उलगडली. त्याआधी, सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी, रुग्णांवरील पहिल्या चाचण्या तीव्र दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या होत्या. क्रिया कळल्यावर रेणूत बदल करून सुसह्य औषधे घडवता आली. टोपोटेकान आणि आयरिनोटेकान या दोन औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

१५/
येथून झाडाचे दैव फिरले. ही औषधे बनवताना मूळ द्रव्य वनस्पतीतून काढावे लागते. नरक्याच्या किलोभर सुक्या लाकडात ते साधारण एक ते तीन ग्रॅम भरते. झाडांच्या मानाने हे प्रमाण चांगले आहे. पण त्यामुळेच एका लहानशा डब्यातील द्रव्यासाठी गोणीच्या गोणी लाकूड लागते. पान किंवा फळ तोडून भागत नाही, खोड आणि मुळे लागतात. म्हणजे झाड पाडावेच लागते. नव्वदच्या दशकापासून महाराष्ट्राच्या पश्चिम घाटात नरक्याची तोड वाढली. ज्या लाकडाला चुलीतही मान नव्हता, त्याचे तुकडे गोण्यांत भरून परदेशी जाऊ लागले. कोल्हापूर-सिंधुदुर्ग पट्ट्यात नरक्याची तस्करी हा वनखात्याच्या परिचयाचा गुन्हा झाला.

१६/
या व्यवहारात नावाचे महत्त्व नव्या रीतीने पुढे आले. नाक्यावर पकडलेल्या गोणीत पाने नसतात, फुले नसतात. असतात ते वाळलेले तुकडे. ते ‘अमृता’ म्हणून पुढे केले, तर तपासणाऱ्याला गुळवेल वाटू शकते. ‘मॅपिया’ लिहिले आणि यादीत ‘नोथापोडायटिस’ असले, तर तो माल यादीबाहेरचा ठरू शकतो. कायदा जातीचे रक्षण करतो तो तिच्या नावाने. परदेशी व्यक्तीला वा कंपनीला भारतातील जैविक साधने नेण्यासाठी परवानगी आवश्यक करणारा जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. तोपर्यंत औषधांना मान्यता मिळून सहा वर्षे लोटली होती. बाजार आधी पोचला, कायदा नंतर.

१७/
पर्यायांचा शोधही सुरू झाला. सर्व ठिकाणच्या नरक्यात द्रव्याचे प्रमाण सारखे नसते. म्हणून अधिक द्रव्य देणारी झाडे हुडकून त्यांची लागवड करावी, असा विचार पुढे आला. २००५ मध्ये भारतीय संशोधकांनी नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतही कॅम्प्टोथेसिन तयार होत असल्याचे प्रसिद्ध केले. अशी बुरशी वाढवून औषध निघाले तर झाड पाडण्याचे कारण उरणार नाही, ही आशा त्यामागे आहे. मात्र प्रयोगशाळेतील बशी आणि कारखान्यातील हौद यांत अंतर असते. तोवर जंगलातील उभे झाड हाच सर्वांत स्वस्त कच्चा माल राहतो, आणि हीच त्याच्यापुढची मोठी अडचण आहे.

१८/
या कथेत ‘शोधक’ कोण? दर्पावरून झाड ओळखून नाव देणारा डोंगरातला माणूस, सूचीत एक ओळ लिहिणारे ग्रॅहम, चित्राचे कष्ट घेणारे वाइट व त्यांचे चित्रकार, घर शोधणारे स्लॉयमर, हक्क जुळवणारे मॅबर्ली, द्रव्य ओळखणारे वाणी आणि गोविंदाचारी. प्रत्येकाला झाडाचे एक अंग दिसले. १८३९ च्या नोंदीला औषधाची कल्पना नव्हती. १९७२ च्या शोधनिबंधाला नावाच्या अग्रक्रमाची गरज भासली नाही. जातीचे वर्णन एकदा लिहून पुरे होत नसते. प्रत्येक पिढी त्यात भर घालते. आणि या सर्व भरींना एकत्र बांधणारी दोरी म्हणजे नाव. ते डळमळले की एकाच झाडाविषयीचे ज्ञान पाच ठिकाणी विखुरते.

१९/
ही दोरी जपण्याची व्यवस्था महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह १९०६ पासून, तर पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून वाळवलेले नमुने सांभाळत आहे. नवी जाती जाहीर करण्यापूर्वी अशा संग्रहांतील जुने नमुने आणि जुने ग्रंथ धुंडाळावे लागतात. ते टाळले की नरक्यासारखा घोळ होतो: आधीच नाव असलेल्या झाडाचे पुन्हा बारसे. संग्रहातील पिवळा पडलेला कागद निरुपयोगी वाटतो. पण १४१ वर्षांनंतर निकाल लागला तो तशाच एका जुन्या छापील ओळीवर.

२०/
बुलढाण्याच्या सालईलाही असाच इतिहास आहे. तिचे ‘बॉसवेलिया सेराटा’ हे नाव १८०७ मध्ये कोलब्रूक यांनी धूपाविषयीच्या निबंधात प्रसिद्ध केले; डोंगरातली माणसे तिचा डिंक त्याआधी कितीतरी पिढ्या गोळा करीत होती. जैवविविधता कायद्यान्वये आज प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातील झाडे, त्यांची स्थानिक नावे, उपयोग, ठिकाणे तिच्यात लिहावीत, ही अपेक्षा. आंबोलीच्या नोंदवहीत ‘नरक्या’ आणि ज्ञानगंगेच्या काठच्या गावाच्या नोंदवहीत ‘सालई’ शास्त्रीय नावासह नीट लिहिली गेली, तर ग्रॅहम यांच्या सूचीत जी उणीव राहिली ती भरून निघेल. त्या सूचीत मुंबईच्या निम्मो यांचे नाव अजरामर झाले. झाड दाखवणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोणी टिपले नाही. नोंदवहीच्या रकान्यात आता त्यालाही जागा आहे.

(धागा समाप्त)